खवल्यांचं चिलखत

बाजारात लोक खवले काढून घेतात आणि मासे घरी नेतात. आमची कुमुदताई मासे तिथेच ठेवते आणि खवले घरी आणते.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली. रविवारची सकाळ होती, मी हलवा कापून घेत होतो. शेजारी कुमुदताई कापडी पिशवी पसरून कोळणीला सांगत होती, "त्या रावसाचे सगळे दे. फाटके नकोत हां. शेपटीकडचे वेगळे बांध, ते बारीक असतात."

कोळणीचं नाव हिराबाई. माहीमहून येते आणि सहसा कुणाला बोलू देत नाही. पण त्या दिवशी तिचा कोयता हातातच राहिला. "म्हावरं र्‍हायलं बाजूला, खवले कशाला गो नेतेस ताय? मांजर पालतेस काय?"

"मांजर कशाला? चिलखत शिवतेय," कुमुदताई म्हणाली. उशीचे अभ्रे शिवतेय म्हणावं तशी.

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. ही तुमच्यातली का, असा त्या नजरेत सरळ प्रश्न होता. मी मान हलवली. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे. नाही म्हणून कसं चालेल?

कुमुदताई म्हणजे कुमुद राणे. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, तिचा जन्म झाला आणि ती तिथेच राहिली. वडील गिरणीत होते. ते गेले, आई गेली, भाऊ बदलापूरला राहायला गेला. खोलीत ती आणि तिचं शिवणयंत्र. परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या शिवणखात्यात नोकरी करून ती निवृत्त झाली. इस्पितळात शिवणखातं असतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. आपण ऑपरेशनच्या टेबलावर पडतो तेव्हा डॉक्टरकडे बघतो, त्याच्या अंगातल्या हिरव्या गाऊनकडे कोण बघणार? कुमुदताईने मात्र आयुष्यभर तो गाऊनच पाहिला. "गाऊन नसेल तर मोठ्यातला मोठा सर्जन म्हणजे बनियनवरचा माणूस," असं ती म्हणायची.

त्या नोकरीतून तिला एक खोड लागली. कुणाचाही कपडा दिसला की ती तो उलटा करून बघते. "आतून बघ, आतून!" हे तिचं ठेवणीतलं वाक्य. बाहेरून काय, कुणीही नटतं. माणसाची खरी परीक्षा आतल्या शिलाईत. माझ्या लग्नात आहेराच्या रांगेत ती पुढे आली, मेधाच्या, म्हणजे माझ्या नव्या बायकोच्या, हातात पाकीट ठेवलं आणि त्याच हाताने तिच्या ब्लाउजची बाही उलटी केली. "गो बाय माझे, धागे कापले पण नाहीत मेल्यान!" एवढं बोलून ती जेवायला गेली. मेधा त्यानंतर बरेच महिने तिच्यासमोर शाल पांघरून जायची.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय कुमुदताई डोळ्यांसमोर उभी राहायची नाही. ती उंच आहे. उंच म्हणजे चारचौघींत जरा जास्त अशी नाही. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा उंच. माळ्यावरचे डबे काढायला, गॅलरीतली वाळत घालायची दोरी बांधायला, गणपतीत तोरणं लावायला सगळ्यांना कुमुदताई लागते. तिच्यामुळे आमच्या मजल्यावर कुणी स्टूल विकत घेतलं नाही. तिच्या उंचीचा उपयोग सगळ्यांना झाला, फक्त तिला झाला नाही. तरुणपणी तिला बघायला मंडळी यायची. एकदा मुलाची आई जाताना माझ्या आईला जिन्यात म्हणाली होती, "मुलगी छान आहे हो. बसलेली असेपर्यंत आम्हाला पसंतच होती."

कुमुदताई त्यामुळे कायम थोडी वाकून चालते. मान पुढे, खांदे गोल, पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखी.

तर हे चिलखताचं खूळ आमच्याच घरात सुरू झालं. आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब गेली होती, म्हणून अर्थातच कुमुदताईला बोलावलं. बाहेर टीव्हीवर कुठलासा इंग्रजी सिनेमा हिंदीतून चालू होता. जंगल, नदी, बोलणारी झाडं, उडणारे प्राणी, सगळं होतं. कुणी बघत नव्हतं. कुमुदताई नवी ट्यूब हातात घेऊन आत जाता जाता थबकली. पडद्यावर नदीच्या राणीचा दरबार भरला होता. राणीच्या मागे पहारेकरणींची रांग. अंगात माशासारखी चमकणारी चिलखतं, डोक्यावर नाकापर्यंत येणारी शिरस्त्राणं, हातात भाले. एकीनेही पापणी हलवली नाही. मग राक्षस आले, आग लागली, दरबार संपला.

"मागे घे," कुमुदताई म्हणाली.

"टीव्ही मागे जात नाही, ताई."

"मग ते परत कधी दाखवणार?"

ती ट्यूब हातात घेऊन सिनेमा संपेपर्यंत उभी राहिली. आम्ही अंधारात चहा केला. सिनेमाचं नाव तिला शेवटपर्यंत कळलं नाही, अजूनही ती त्याला "आपलं ते नदीवालं" म्हणते. मेधाने तो फोनवर शोधून दिला. तेव्हापासून भिंतीपलीकडून रोज दुपारी दरबाराची तुतारी ऐकू यायला लागली. तेवढाच तुकडा. तुतारी वाजायची, थांबायची, परत वाजायची. कुमुदताई चित्र थांबवून, चष्मा कपाळावर चढवून, खवले कुठल्या दिशेने बसवलेत ते बघत असायची.

"खालून वर आलेत," तिने एक दिवस जाहीर केलं. "गावच्या घराची कौलं बसवतात तस्से. खालची ओळ आधी, वरची तिच्यावर अर्धी. म्हणजे पाणी आत जात नाही."

"पण सिनेमातलं ते प्लास्टिक असणार गं," मी म्हटलं.

"असेल. नदीच्या बायका आहेत ना त्या? मग प्लास्टिक कशाला घालतील?"



खवले पहिल्यांदा गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत पडले त्या दिवशी डिलाईल रोडवरचे सगळे कावळे आमच्या मजल्यावर राहायला आले. वास तर विचारू नका. आम्ही सगळे कोकणातले, सुक्या बांगड्याच्या वासाने तोंडाला पाणी सुटणारी माणसं. पण आमचंही नाक हरलं. चाळीचे सेक्रेटरी साळगावकर यांनी सभा बोलावली. साळगावकर सभेत शुद्ध बोलतात.

"गॅलरी ही सार्वजनिक जागा असून तेथे मत्स्यजन्य पदार्थ..."

"पदार्थ नाही रे, कापड आहे ते," कुमुदताई म्हणाली.

"कापडास असा वास येतो?"

"इस्पितळातल्या कापडाला काय काय वास येतात सांगू? जेवून आलायस ना?"

सभा लवकर आटोपली. ठरलं असं, की खवले गच्चीवर जुन्या मच्छरदाणीखाली वाळवायचे. कुमुदताईने ते लिंबाच्या पाण्यात आणि साबणात इतक्या वेळा धुतले, की पुढच्या महिन्यात ती एक शिवलेली पट्टी घेऊन साळगावकरांच्या दारात गेली आणि म्हणाली, "घे, वास घे." साळगावकरांनी लांबून वास घेतला, मग जवळून घेतला. पट्टी उन्हात धरली. तिच्यावर गुलाबी, हिरवा, चंदेरी असा रंग पाण्यासारखा हलत होता. साळगावकर शुद्ध बोलायचं विसरले. "आयला," एवढंच म्हणाले. नंतर त्यांची बायकोच आपल्याकडच्या जिताड्याचे खवले डब्यात भरून पाठवायला लागली.

शिरस्त्राणासाठी ती लालबागला एका गणपतीच्या कारखान्यात गेली. मीही बरोबर होतो, कारण पत्ता मला माहीत होता. कारागीर देवीच्या मुकुटाला सोनेरी रंग देत बसला होता. कुमुदताईने फोन पुढे केला. तो बराच वेळ बघत राहिला.

"ही कुठली देवी?"

"देवी नाही. पहारेकरीण आहे."

"मग ही पुढची घ्या ना, राणी. मुकुट मस्त आहे तिचा. खडे लावून देतो."

"राणीचा नको. मागच्या बाईचा हवा."

"मागच्या कुठल्या? इतक्या उभ्या आहेत."

"कुठलीही चालेल," कुमुदताई म्हणाली. "सगळ्यांचं सारखंच आहे."

त्याने कागदाचा लगदा कसा थापायचा ते तिला दाखवलं आणि "बघा हां, मुकुटाचं काही वाटलं तर या," असं पुन्हा सांगितलं. साच्यासाठी तिने घरातलं पातेलं वापरलं. त्या पातेल्यात ती अजून भात करते.

राणीचं हे सगळ्यांनाच खटकत होतं. एवढी मेहनत करायची आणि शिवायचं काय, तर मागे उभ्या असलेल्या बिनानावाच्या बाईचे कपडे! तिला सिनेमात एक शब्दही बोलायला दिलेला नाही. मेधा म्हणायची, "अहो कुमुदताई, तुमची उंची आहे, राणी शोभेल तुम्हाला." कुमुदताई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एका दुपारी मी गच्चीवर गेलो तेव्हा ती मच्छरदाणीशेजारी सतरंजीवर बसून खवले टाचत होती. समोर गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती चमकत होत्या. मी सहज विचारलं, "खरंच, राणी का नाही गं?"

तिने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "राणी एकटी उभी असते रे. मधोमध. सगळे तिच्याकडेच बघतात." दोरा दाताने तोडला. "ते असं बघणं माझ्या वाट्याला पुरेसं आलंय सतीश. शाळेत, इस्पितळात, लग्नाच्या मांडवात. कुठेही जा, आधी मान वर करून बघतात, मग हसतात. तू त्या मागच्या बायका नीट बघ. एक तरी वर-खाली दिसते? एक तरी वेगळी काढता येते? अशा रांगेत मी कधी उभीच राहिले नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "ऊन फार आहे, खाली चल." ती म्हणाली, "तू हो पुढे. एवढी ओळ संपवते."

चिलखत पुरं झालं तेव्हा मेधाने आणखी एक गोष्ट फोनवर शोधली. अशा सिनेमांचे पोशाख स्वतः करून घालणाऱ्या मुलामुलींचा मेळावा माहीमला भरणार होता. कुमुदताईने ऐकताक्षणी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तिथे आपल्या त्या नदीवाल्याचं कुणी येतं का?" तिसऱ्या दिवशी ती भाल्याला रंग देत होती. भाला म्हणजे पडद्याचा दांडा आणि टोकाला पुठ्ठा.

टॅक्सीत भाला मावेना. शेवटी तो एका खिडकीतून आत घेतला आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर काढला. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. "ये क्या है? पूजा का सामान?"

"हां, पूजा का," मी म्हटलं.

"खोटं कशाला बोलतोस?" कुमुदताई मला म्हणाली आणि मग त्याला म्हणाली, "भाला है, भैया."

"किसको मारने का है?"

"किसी को नहीं. खाली पकडके खडा रहने का है."

"फिर ठीक है," टॅक्सीवाला म्हणाला. "मैं भी पहले सिक्युरिटी में था."

मेळावा लग्नाच्या हॉलमध्ये होता. स्टेजवर आदल्या लग्नातले थर्माकोलचे हंस तसेच होते आणि त्यांच्यासमोर एक शिंगवाला राक्षस समोसा खात बसला होता. कुणी जादूगार, कुणी हाडांचा सापळा. एका मुलीचे पंख दारात अडकले होते. सगळी कॉलेजातली पोरं. दारातल्या मुलीने कुमुदताईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "आजी, कुणाला न्यायला आलात?"

कुमुदताईचा चेहरा उतरला. खांदे अजून पुढे आले. "चल सतीश," ती हळूच म्हणाली, "मुलांचं आहे हे. आपलं काय काम?"

मी टॅक्सी बघायला वळलो. मेधा मात्र कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो कुमुदताई, बाजारातला अर्धा रावस सोललात तुम्ही. कावळे पोसले आम्ही. आता परत? ते काही नाही."

आणि ती तिला 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत घेऊन गेली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मी ते चिलखत सुटं सुटं शंभरदा पाहिलं होतं, पण अंगावर चढलेलं पाहिलं नव्हतं. कुमुदताई पाऊल टाकायची तसा तिच्या अंगावरून प्रकाश वाहायचा. समोसा खाणारा राक्षस उठून उभा राहिला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. आणि नेमकं तिला नको होतं तेच झालं. हॉलभर माणसं तिच्याकडे बघायला लागली आणि ती तिथल्या तिथे वाकायला लागली.

तेवढ्यात समोरचं 'वरपक्ष'चं दार उघडलं आणि आतून नदीच्या पहारेकरणी बाहेर आल्या.

पाच-सहा मुली होत्या. तशीच चिलखतं, तशीच शिरस्त्राणं. त्यांचे खवले फोमचे, कात्रीने कापून रंगवलेले. भिंतीला धरून, पाय फाकून, पहिल्यांदा साडी नेसल्यासारख्या त्या चालत येत होत्या. कुमुदताईला बघून सगळ्या थांबल्या. पुढची मुलगी ओरडली, "थांबा! थांबा! मॅडम, तुमचे बूट कुठे मिळाले?"

"बूट?" कुमुदताई म्हणाली.

"उंचीचे! आम्ही बघा ना, फोमचे थर चिकटवून तळवे केलेत. त्या सिनेमात सगळ्या इतक्या उंच आहेत ना. पण चालताच येत नाही. ही तर सकाळपासून दोनदा पडली. तुम्ही इतक्या आरामात कशा चालता?"

कुमुदताईने बावचळून चिलखताखालचा झगा घोट्यापर्यंत उचलला. पायांत तिची रोजची सपाट चप्पल होती.

मुली वाकून बघत राहिल्या. एकीने तर हात लावून बघितलं. "म्हणजे... ही खरी आहे?"

"काय खरी?"

"उंची! तुमची स्वतःची?"

"हो. माझीच."

"शी!" ती मुलगी कळवळून म्हणाली. "किती लकी आहात तुम्ही!"

कुमुदताईने माझ्याकडे पाहिलं. ते बोलणं दुसऱ्या कुणासाठी असावं आणि चुकून आपल्याकडे आलं असावं, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

मग त्यांनी तिचे खवले पाहिले. खरे आहेत म्हटल्यावर एकच गलका. तिने त्यांचा फोम पाहिला. सवयीने एकीच्या चिलखताची कड उलटली. आत शिलाई नव्हतीच, नुसता डिंक, गोळ्यागोळ्यांनी. मेधाने श्वास रोखला. कुमुदताईने कड हलकेच खाली सोडली आणि म्हणाली, "छान केलंय हो. हलकं आहे. मला पण शिकवा."

त्यांची राणी सगळ्यांत बुटकी होती. तिला हंसांच्या पुढे स्टुलावर चढवलं. मागे रांग लागली. "मॅडम, तुम्ही आमच्यात या ना," पुढची मुलगी म्हणाली. कुमुदताई सवयीने रांगेच्या टोकाला, खांबाच्या आडोशाला जायला लागली. दोघींनी तिला दंडाला धरून आत ओढलं. त्यांचे ते जाड तळवे आणि तिची सपाट चप्पल, यांचा हिशोब असा जुळला, की सगळे खांदे दोरी धरून लावल्यासारखे एका रेषेत आले. कुमुदताई तेवढी अजून वाकलेली होती. शेजारची मुलगी ओठ न हलवता तिला म्हणाली, "मॅडम, सरळ! तुम्ही वाकलात तर लाइन बिघडते."

आयुष्यभर तिने याच्या उलटं ऐकलं होतं. तिने एकदा शेजारणीकडे पाहिलं. मग खांदे मागे गेले, मान वर झाली. मला ती कधी अशी उभी राहिलेली आठवत नाही. फोटो काढणाऱ्या मुलाने कुणी हसू नका म्हणून सांगितलं. नदीच्या पहारेकरणी हसत नाहीत.

परतताना टॅक्सीत ती भाला खिडकीबाहेर काढून बसली होती आणि सिग्नलला लोक बघत होते तरी बघू देत होती.

त्या मुलींनी फोटो दोन दिवसांनी पाठवला. संध्याकाळी दार वाजलं. कुमुदताई फोन माझ्या नाकासमोर धरून उभी. "सांग बघू, यातली मी कुठली?"

मी चष्मा लावला. नाकापर्यंत आलेली शिरस्त्राणं, सारख्या उंचीचे भाले, सारखे खांदे. कपडे चमकत होते, पण दिव्यांमुळे सगळ्यांचेच चमकत होते. मला वाटलं, हे काय अवघड आहे? इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहिलोय. मी नीट बघितलं, फोटो मोठा करून बघितला आणि डावीकडच्या एकीवर बोट ठेवलं.

"ही."

कुमुदताई इतकी हसली, की तिला दाराची चौकट धरावी लागली. "चुकलास!" ती म्हणाली. "नीट बघूनसुद्धा चुकलास!"

तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला. मी "मग कुठली?" म्हणेपर्यंत ती साळगावकरांच्या दारात पोचली होती. तिथूनही तोच प्रश्न ऐकू आला, मग साळगावकरांचं "ही!", आणि पुन्हा तिचं हसणं. त्यानंतर पुढचं दार वाजलं.